एजंटकाकांची परीक्षा

परीक्षा म्हटलं की फक्त आपल्याच पोटात गोळा येतो असं समजू नका. महाराष्ट्रातल्या इस्टेट एजंट लोकांनाही आता परीक्षा आहे! जानेवारी २०२३ मध्ये महारेराने आदेश काढला की एजंट म्हणून नोंदणी हवी असेल किंवा जुनी नोंदणी पुढे चालू ठेवायची असेल, तर आधी २० तासांचं प्रशिक्षण घ्या, मग ऑनलाइन परीक्षा द्या आणि पास झाल्याचं प्रमाणपत्र दाखवा. परीक्षा कोण घेतं? आयबीपीएस. म्हणजे आपले बीई झालेले सीनिअर्स बँकेच्या ज्या परीक्षांसाठी लायब्ररीत ठाण मांडून बसतात, त्या घेणारी तीच संस्था.

सुरुवातीला अनेक एजंटांनी हे फारसं मनावर घेतलं नाही. मुदतवाढ मिळेल, सबमिशनसारखी शेवटच्या दिवशी फाइल देऊ, असा हिशोब असावा. मुदतवाढ मिळालीही. पण १ जानेवारी २०२४ नंतरही ज्यांनी प्रमाणपत्र दिलं नाही, अशा सुमारे २० हजार एजंटांची नोंदणी महारेराने २०२४ मध्ये स्थगित केली. टर्म ग्रँट न होण्याचाच हा प्रकार!

यावर सगळ्यांची पहिली प्रतिक्रिया एकच असते. घर दाखवायला कसली आलीय परीक्षा? कुलूप उघडायचं, पंखा लावून दाखवायचा आणि "पाणी चोवीस तास" म्हणायचं, झालं काम!

खरंच इतकं सोपं आहे का? जरा विचार करा. पाचशे रुपयांची एसआयपी विकणाऱ्या माणसाला एनआयएसएमची परीक्षा पास व्हावी लागते. विमा विकणाऱ्यालाही परीक्षा आहे. आणि साठ लाखांचा फ्लॅट, ज्याचे हप्ते एखादं कुटुंब वीस वर्षं फेडणार, तो विकून देणाऱ्याला २०२३ पर्यंत काहीच येत नसलं तरी चालत होतं. २०१६ चा रेरा कायदा आला आणि कलम ९ नुसार एजंटची नोंदणी सक्तीची झाली. पण नोंदणी म्हणजे काय, तर फॉर्म भरा, व्यक्ती असेल तर दहा हजार आणि कंपनी असेल तर एक लाख रुपये फी भरा, पाच वर्षं निवांत. ज्ञान कोणी तपासतच नव्हतं.

आणि या धंद्यात ज्ञान लागतंच. कार्पेट एरियाचंच उदाहरण घ्या. रेरामध्ये त्याची स्पष्ट व्याख्या आहे. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी, ओपन टेरेस हे सगळं वगळायचं आणि आतल्या पार्टिशनच्या भिंती धरायच्या. आपल्या सिव्हिलच्या पोरांना हे झोपेत विचारलं तरी सांगतील. पण गिऱ्हाईकाला जर एजंटने "नऊशे स्क्वेअर फूट" असं ठोकून दिलं आणि ते सुपर बिल्टअप निघालं, तर घरात कपाट ठेवायचं कुठे हा प्रश्न ताबा मिळाल्यावरच पडतो. दुसरं म्हणजे, करार नोंदवण्याआधी बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. हे एजंटला माहीत नसेल, तर "बुकिंगला वीस टक्के भरा, रेट वाढणार आहे" असं तो बिनदिक्कत सांगतो. गिऱ्हाईक बिचारं पीएफ काढून भरतं.

आता कोणी म्हणेल, वीस तासांत माणूस प्रामाणिक होतो का? अजिबात नाही. चार वर्षं इंजिनिअरिंग करून आपण तरी कुठे सगळे इंजिनिअर होतो! ज्याला फसवायचं आहे तो परीक्षेत पहिला येऊनही फसवेल. मग या लायसन्सचा फायदा काय?

माझ्या मते लायसन्सचा खरा फायदा हा की ते काढून घेता येतं. परीक्षा देऊन, फी भरून मिळवलेला नंबर माणसाला गमवावासा वाटत नाही. कलम १० प्रमाणे एजंटने हिशोब ठेवायचा, खोटी आश्वासनं द्यायची नाहीत, नोंदणी नसलेल्या प्रकल्पातलं घर विकायचं नाही. चूक केली तर गिऱ्हाईकाला तक्रार करायला जागा आहे आणि एजंटची नोंदणी रद्द होऊ शकते. नोंदणी न करताच धंदा केला तर दिवसाला दहा हजार रुपये दंड, जो वाढत वाढत मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. जाण्यासारखं काहीतरी हातात असलं की माणूस बोलताना जपून बोलतो. आपणही सेवंटी फाइव्ह पर्सेंट अटेंडन्सची अट नसती तर सकाळी आठच्या लेक्चरला बसलो असतो का?

इथपर्यंत सगळं छान आहे. पण खरी गोम पुढे आहे आणि ती थेट आपल्याशी संबंधित आहे. हा सगळा नियम फक्त रेरामध्ये नोंदलेल्या प्रकल्पांतल्या खरेदी-विक्रीला लागू आहे. पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवरचा किंवा आठ फ्लॅटपर्यंतचा छोटा प्रकल्प? त्याला नोंदणीच लागत नाही, त्यामुळे एजंटलाही नाही. तीस वर्षं जुन्या सोसायटीतला रीसेल फ्लॅट? तिथेही नाही. आणि भाड्याची रूम? कायद्यातल्या एजंटच्या व्याख्येत भाडं बसतच नाही.

म्हणजे बघा, हॉस्टेल न मिळालेली, लातूर-जळगाव-सांगलीहून आलेली जी हजारो पोरं-पोरी दर जुलै-ऑगस्टमध्ये कॉलेजभोवती रूम शोधत फिरतात, त्यांना भेटणाऱ्या एजंटसाठी ना प्रशिक्षण, ना परीक्षा, ना नंबर. आयुष्यात पहिल्यांदा एजंट भेटतो तो इथेच, तेव्हा आपण असतो अठरा वर्षांचे आणि खिशात असतात वडिलांनी कुठून कुठून जमवलेले डिपॉझिटचे पैसे.

आमच्या वर्गातल्या चौघांचंच घ्या. भाडं १६ हजार, डिपॉझिट ५० हजार, वर एका महिन्याचं भाडं ब्रोकरेज. पावती मागितली तर एजंट हसला. करार रजिस्टर करायचा का विचारलं तर म्हणाला, "अरे बाळांनो, अकरा महिन्यांचंच तर आहे, रजिस्टर कशाला? नोटरी करून टाकू." सोडताना मालकाने रंगकामाच्या नावाखाली २२ हजार कापले. पोरं एजंटकडे गेली तर उत्तर तयार होतं, "माझं काम रूम दाखवण्यापर्यंत."

यातलं "अकरा महिन्यांना रजिस्ट्रेशन लागत नाही" हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. महाराष्ट्रात ते साफ चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मग तो कितीही महिन्यांचा असो. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, खोटं आहे हे समोरच्याने सिद्ध करेपर्यंत. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हे एक कलम त्या एजंटला माहीत असतं, किंवा माहीत असून खोटं बोलल्याबद्दल त्याचं काही जाणार असतं, तर चौघांच्या हातात निदान एक धड कागद असता.

बाहेरच्या देशांत काय आहे? सिंगापूरने २०१० मध्ये इस्टेट एजंटांसाठी वेगळा कायदा करून वेगळी संस्था नेमली. तिथे किमान ६० तासांचा कोर्स, मग परीक्षा, आणि प्रत्येक एजंटचं नाव कोणालाही तपासता येईल अशा यादीत. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात सेल्सपर्सनला प्रत्येकी ४५ तासांचे तीन कोर्स, म्हणजे १३५ तास, आणि वर परीक्षा. पण मला तासांपेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. दोन्हीकडे भाड्याने घर मिळवून देणाऱ्या एजंटलाही लायसन्स लागतं. घर भाड्याने घेणारा माणूस तिथे गिऱ्हाईक मानला जातो, आपल्याकडे मात्र तो वाऱ्यावर.

यावर एक आक्षेप रास्त आहे. आपल्याकडे रूम कोण दाखवतं? सोसायटीचा वॉचमन, झेरॉक्सवाला, टपरीवाले काका. त्यांना दहा हजार फी आणि ऑनलाइन परीक्षा लावली तर त्यांची वरकमाई जाईल आणि सगळा धंदा मोठ्या कंपन्यांच्या घशात पडेल. मान्य. म्हणून तोच नियम जसाच्या तसा लावा असं मी म्हणत नाही. भाड्यासाठी हलका नियम करा. चार-पाच तासांचं प्रशिक्षण, तेही मराठीत, नाममात्र फी, एक ओळखपत्र आणि नंबर. ब्रोकरेजची पावती सक्तीची, आणि नोंदणीकृत करार झाल्याशिवाय ब्रोकरेज घ्यायचं नाही. एवढं जरी झालं तरी काकांचा धंदा बुडणार नाही, उलट खात्रीचा माणूस म्हणून त्यांच्याकडे चार पोरं जास्त येतील.

हे होईल तेव्हा होईल. तोपर्यंत ज्युनिअर्सना एवढंच सांगणं, की करार ऑनलाइन रजिस्टर होतो, त्याची स्टॅम्प ड्युटी आणि फी चौघांत वाटली तर कॅन्टीनच्या बिलाएवढीही डोईजड होत नाही. रूमचे फोटो पहिल्याच दिवशी काढून ठेवा. डिपॉझिट रोख देऊ नका. आणि उद्या नोकरी लागून नवीन फ्लॅट घ्यायला गेलात, तर एजंटला चहाच्या आधी महारेरा नंबर विचारा आणि साइटवर तपासा. राग आला तर येऊ दे. आपल्यालाही व्हायवात एक्स्टर्नलचा राग येतोच की, पण तो विचारायचं थांबतो का?