धरण म्हणजे ओलीत नव्हे

भारतातली ओलिताखालची जमीन वाढली ती धरणांमुळे, असे एक मत हल्ली मोठ्या ठामपणे मांडले जाते. पुराव्यासाठी बोट दाखवले जाते पुण्याच्या मंडईकडे. तिथे बारमाही भाजी मिळते, म्हणजे कालवे सत्कारणी लागले. उरलेल्या तालुक्यांसाठी आणखी धरणे बांधा. हा युक्तिवाद उथळ आहे आणि त्याची झळ दुष्काळी शिवारांना बसते.

भरलेले गाळे वाहतुकीची सोय दाखवतात, पाण्याचे वाटप नव्हे. मंडईत नावाजलेली अंजिरे आणि सीताफळे पुरंदरची, म्हणजे पर्जन्यछायेच्या तालुक्यातली. भारतातले निव्वळ ओलीत क्षेत्र 1950-51 मध्ये सुमारे 2.1 कोटी हेक्टर होते. पुढे ते तिपटीहून अधिक झाले. त्यातले 60 टक्क्यांहून जास्त आज विहिरी आणि कूपनलिकांवर भिजते.

खरा आक्षेप वेगळाच आहे. देशात सर्वाधिक मोठी धरणे महाराष्ट्रात आहेत, तरी पिकाखालच्या जमिनीपैकी जेमतेम पाचवा हिस्सा ओलिताचा. ‘निर्मित सिंचनक्षमता’ अहवालात वाढते. पण कालव्याच्या चारीच्या शेपटाला पाणी पोचत नाही. खडकवासल्याचे धरण 1879 मध्ये पुरे झाले. दख्खनचे जुने कालवे दुष्काळात पीक वाचवण्यासाठी खोदले गेले, पण त्यांच्यावर ऊस पसरला. लागवडीत जेमतेम चार-पाच टक्के असलेले हे पीक सिंचनाचे निम्म्याहून अधिक पाणी पिते. कालव्याचे पाणी आठ महिने द्यायचे की बारा, हा आठमाही-बारमाही वाद त्यातूनच पेटला. पाणी जास्त शेतकऱ्यांना मिळावे म्हणून आठमाहीचा आग्रह धरणाऱ्यांना विकासविरोधी ठरवले गेले. तो आरोप तेव्हाही खोटा होता. आता त्याच खडकवासल्यावर पुणे शहराची तहान वाढते आहे आणि दौंड-इंदापूरच्या शेतीला मिळणाऱ्या कालव्याच्या आवर्तनांवर दरवर्षी ताण येतो. नवी भिंत बांधून यातले काहीही सुटत नाही.

ज्यांचे नाव या मंडईला आहे, त्या जोतीराव फुल्यांनी 1883 मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना पावसाचे पाणी शेतात मुरेल असे बंधारे सुचवले होते. पुरंदरच्याच नायगावात पाणी पंचायत चळवळीने माणशी पाणी वाटले आणि उसाला मनाई केली. पाणलोटात मुरवण, कालव्यावर मोजून पाणी आणि उसाला ठिबकची सक्ती, एवढे आधी व्हावे. नव्या धरणाची मागणी करणाऱ्याने आधी जुन्या धरणाखाली प्रत्यक्ष भिजलेल्या जमिनीचा हिशेब द्यावा.