सही कापली, पत्र मेले : कोल्हापूरचा क्रीडा-इतिहास आणि स्वाक्षऱ्यांचा बाजार (धागा)

१/ कबनूर हे इचलकरंजीला खेटून असलेले, हातकणंगले तालुक्यातील यंत्रमागांचे गाव. इथला जाणता माणूस ताग्यावरचा छाप पाहून कापडाचा भाव करीत नाही. तो कापड उजेडात धरतो, ताणा-बाणा पाहतो, इंचात पिके किती ते मोजतो. छाप कोणालाही मारता येतो, हे त्याला ठाऊक असते. जुन्या खेळाडूंच्या सह्या विकणाऱ्या बाजारात नेमके उलटे चालते. तिथे कापड कोणी पाहत नाही. सौदा छापावर होतो.

२/ हा छंद आता अमेरिकेपुरता राहिलेला नाही. ‘व्हिंटेज’, ‘दुर्मीळ’, ‘प्रमाणपत्रासह’ या शब्दांच्या आधारे जुन्या क्रिकेटपटूंच्या आणि मल्लांच्या सह्या, सही केलेल्या बॅटी, छायाचित्रे यांची खरेदी-विक्री भारतातही होते, आणि ती करणाऱ्यांत इतिहासाची खरी ओढ असलेले तरुण पुष्कळ असतात. त्यांच्या ओढीबद्दल वाद नाही. वाद त्यांच्या समजुतीशी आहे. सही जपणे म्हणजे इतिहास जपणे, ही ती समजूत. प्रत्यक्षात आज ज्या रीतीने सही जपली जाते, त्या रीतीने इतिहासाचा घातच होतो.

३/ प्रथम अमेरिकेकडे पाहावे, कारण या बाजाराची पूर्ण वाढलेली अवस्था तिथे दिसते. बेसबॉलच्या चेंडूवर खेळाडूची सही घेणे हा तिथला शतकभराहून जुना रिवाज आहे. बेब रूथ उदार हाताने सह्या देई. तो १६ ऑगस्ट १९४८ रोजी वारला आणि त्याच्या सहीचा चेंडू पुढे एखाद्या घराच्या किमतीशी बरोबरी करू लागला. मागणी अमर्याद, सही करणारा हात मात्र कायमचा थांबलेला. अशा वेळी दुसरे हात कामाला लागतात.

४/ १९९० च्या दशकात एफबीआयने ‘ऑपरेशन बुलपेन’ या नावाने तपास चालवला. बनावट सह्या करणारे, त्यांना ‘अस्सल’ असे प्रमाणपत्र देणारे आणि त्या दुकानांत पोचवणारे अशी एक अखंड साखळी त्यातून उघडकीस आली. सॅन डिएगोचा थोर फलंदाज टोनी ग्विन याला तर स्वतःच्याच संघाच्या दुकानात स्वतःच्या नावाच्या खोट्या सह्या विकायला ठेवलेल्या आढळल्या. जप्त मालात मदर तेरेसांच्या बनावट सहीचा बेसबॉलही होता! विनोद खराच, पण ‘प्रमाणपत्र आहे ना?’ एवढाच प्रश्न विचारून पैसे मोजणाऱ्या प्रत्येकावर तो विनोद आहे.

५/ खोट्या सहीने गंडलेल्या माणसाचे पैसे जातात. ते त्याचे दुःख. खरी सही मिळवताना जे घडते ते सर्वांचे नुकसान असते, आणि त्याची चर्चा फारशी होत नाही.

६/ या बाजारात ‘कट सिग्नेचर’ नावाची एक मान्यताप्राप्त वस्तू आहे. कट म्हणजे अक्षरशः कापलेली. एखाद्या पत्राच्या, करारनाम्याच्या किंवा धनादेशाच्या तळाची सही कात्रीने कापून घ्यायची, सुबक चौकटीत बसवायची आणि विकायची. उरलेला कागद? त्याला गिऱ्हाईक नसते. कोणाला लिहिले, केव्हा लिहिले, का लिहिले हे ज्या कागदावर होते तो केरात जातो, आणि जे कशाचाच पुरावा नाही ते दोन इंची कात्रण काचेमागे सन्मानाने राहते.

७/ कात्री कागदावरच थांबलेली नाही. २००३ साली बेसबॉलची पत्ती छापणाऱ्या एका अमेरिकी कंपनीने बेब रूथने अंगात घातलेला, सुमारे २,६४,००० डॉलरना विकत घेतलेला गणवेशाचा सदरा कापला आणि त्याचे तुकडे पत्त्यांत चिकटवून विकले. ज्याने विकत घेतला त्याचाच तो सदरा, कापण्याचा अधिकारही त्याचाच, असे समर्थन करता येते. कायद्याने ते बरोबरही असेल. जीर्ण मंदिराचे शिल्प फोडून प्रत्येक दिवाणखान्यात एकेक बोट ठेवणाऱ्यालाही असेच समर्थन करता आले असते.

८/ आता कोल्हापूर. इथे कापण्याजोगे पुष्कळ आहे, म्हणूनच हा धागा.

९/ भाऊसाहेब बाबासाहेब निंबाळकर यांचा जन्म १२ डिसेंबर १९१९ रोजी कोल्हापुरात झाला. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात, पूना क्लबच्या मैदानावर रणजी सामना होता : महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. निंबाळकर ४४३ धावांवर नाबाद होते. कमल भांडारकर यांच्यासह त्यांनी दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावा जोडल्या होत्या आणि फलक ४ बाद ८२६ वर पोचला होता. ब्रॅडमन यांचा १९३० मधला ४५२ धावांचा तेव्हाचा विश्वविक्रम गाठायला हव्या होत्या ९ धावा. खेळाच्या विश्रांतीनंतर काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, संघ घेऊन मैदानात उतरलेच नाहीत. सामना सोडून दिला गेला.

१०/ प्रथम श्रेणीत भारतीय फलंदाजाची ती आजही सर्वोच्च खेळी आहे. कारकिर्दीत ४७ च्या पुढे सरासरी असूनही निंबाळकरांना एकही कसोटी सामना मिळाला नाही. ११ डिसेंबर २०१२ रोजी, त्र्याण्णवाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, ते कोल्हापुरातच निवर्तले.

११/ त्यांच्यावरील बहुतेक लेखांत एक गोष्ट हमखास येते : ब्रॅडमन यांनी त्यांना पत्र पाठवून ही खेळी आपल्या ४५२ पेक्षा सरस असल्याचे कळवले. पाठ्यपुस्तकात शोभावी अशीच ही गोष्ट आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र तिथे थांबून विचारले पाहिजे : पत्राची तारीख कोणती? सामन्यानंतर लगेचचे, की वर्षांनंतरचे? ते आपणहून लिहिलेले, की कोणी पाठवलेल्या पत्राचे उत्तर? ब्रॅडमन यांनी ही खेळी पाहिली नव्हती. मग ‘सरस’ ठरवताना त्यांच्यापुढे काय होते? नेमके शब्द कोणते?

१२/ या सगळ्यांची उत्तरे पत्राच्या मजकुरात, तारखेत, लिफाफ्यावरच्या टपाल-शिक्क्यात असतात. सहीत एकाचेही नसते. शिवाय ब्रॅडमन यांची सही दुर्मीळही नाही. चाहत्यांच्या पत्रांना उत्तरे देण्यात त्यांनी आयुष्याची कित्येक वर्षे घालवली; त्यांच्या सह्या जगभर विखुरलेल्या आहेत. त्यात त्यांच्या नावाने विकल्या गेलेल्या बॅटींवर त्यांच्या सहीचा ठसाच उमटवलेला असे, त्याला ‘खरी सही’ समजणारे भाबडे वेगळेच. म्हणजे अशा पत्रातली सर्वांत सामान्य गोष्ट कोणती, तर सही. आणि बाजार पैसे मोजतो ते तिचेच.

१३/ त्याच सामन्याच्या गुणवहीचे उदाहरण घ्यावे. चेंडूमागून चेंडू नोंदत गेलेल्या कोणा लेखनिकाचे ते हस्ताक्षर. कोणत्या टोकाने कोण गोलंदाजी करीत होता, धावांचा वेग केव्हा वाढला, खेळ नेमका कोठे थांबला हे अशा वहीवाचून सिद्ध करता येत नाही. लिलावात तिच्यासमोर निंबाळकरांच्या सहीची नवी कोरी बॅट ठेवली तर बोली कोणावर चढेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

१४/ खाशाबा जाधवांच्या बाबतीत हा उलटा न्याय अधिक बोचतो. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मुलगा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकला, १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावा आला आणि १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक जिंकून स्वतंत्र भारताचा पहिला वैयक्तिक ऑलिंपिक पदकविजेता झाला. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. प्राचार्य खर्डेकरांनी राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, ही हकिगत कोल्हापुरात घरोघर सांगितली जाते.

१५/ संग्राहकाला खाशाबांची सही हवी असते. मिळाल्यास तो ती चौकटीत लावील. पण हेलसिंकीच्या पदकाचा इतिहास ज्या सहीशिवाय लिहिता येत नाही ती खाशाबांची नाही. ती गहाणखतावर एका प्राचार्याने केलेली आहे. त्या सहीला बाजारात कोणी दमडी देणार नाही. अशा दस्तांचा माग कसा काढायचा तेही तरुण अभ्यासकाला ठाऊक हवे : गहाणखत नोंदवलेले असेल, तर मिळकतीच्या वर्णनावरून दुय्यम निबंधक कार्यालयाच्या सूचीत त्याचा शोध घेता येतो. पाच-सहा हजारांच्या ‘प्रमाणित’ सहीपेक्षा त्या शोधाला खर्च कमी येतो. कंटाळा मात्र जास्त, हे कबूल करावे लागेल.

१६/ २०१७ साली खाशाबांच्या कुटुंबीयांनी कुस्ती संकुलाचे आश्वासन पूर्ण होत नाही म्हणून पदकच लिलावात काढण्याचा इशारा दिला. तेव्हा हळहळ खूप झाली. त्या हळहळीत एक ढोंग होते. १९८४ मध्ये अपघातात गेलेल्या या मल्लाला अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर सोळा-सतरा वर्षांनी. आणि ‘पदक विकू नका’ असे कुटुंबाला सांगणारे ते जपण्याची जबाबदारी घ्यायला पुढे येत नव्हते. विकणाऱ्या घराला दोष देणे सोपे असते. या धाग्याचा रोख घरांवर नाही.

१७/ ‘मग सरकारला द्या’ असे कोणी म्हणेल. बलबीर सिंग (सीनियर) यांनी १९८५ मध्ये तेच केले. १९४८, १९५२ आणि १९५६ अशी तीन हॉकी सुवर्णपदके जिंकणाऱ्या या खेळाडूने नियोजित संग्रहालयासाठी भारतीय क्रीडा प्राधिकरणाकडे मेलबर्नचा कर्णधाराचा ब्लेझर, ३६ पदके आणि शंभरावर छायाचित्रे सुपूर्द केली. संग्रहालय झाले नाही आणि वस्तू गहाळ झाल्या. त्यांचा पाठपुरावा करता करता ते मे २०२० मध्ये वारले.

१८/ म्हणून संग्राहकांच्या बाजूने एक गोष्ट मान्य केलीच पाहिजे. जे संस्थांनी हरवले असते ते अनेकदा हौशी माणसाने वाचवले आहे. पुण्यातल्या ‘ब्लेड्स ऑफ ग्लोरी’ या क्रिकेट संग्रहालयाचे २०१२ मध्ये सचिन तेंडुलकर यांच्या हस्ते उद्घाटन झाले. तेही एका खासगी संग्राहकाच्याच हौसेतून उभे राहिले. हयात खेळाडूने स्वतः दिलेल्या वस्तूची कुळकथा स्पष्ट असते : कोणी, कोणाला, केव्हा. आक्षेप संग्रहावर नाही. कुळकथा फेकून नाव तेवढे ठेवणाऱ्या संग्रहावर आहे.

१९/ आणि कुळकथा सर्वांत जास्त ज्या कागदात असते तो कोल्हापूर जिल्ह्यात रद्दीच्या भावाने जातो. कुस्ती मैदानाची हस्तपत्रिका! शाहू महाराजांनी खासबाग मैदान उभारले तेव्हापासून, शंभराहून अधिक वर्षे, या जिल्ह्यात गावोगावच्या यात्रा-उरुसांत मैदाने भरत आली आहेत. अशा पत्रिकेत नेमलेल्या जोडी असतात, प्रत्येक मल्लाची तालीम आणि वस्ताद, इनामाची रक्कम, पंचांची नावे, तिकिटाचे दर, देणगीदारांची यादी असते. इनामाच्या रकमा दहा-दहा वर्षांच्या अंतराने लावून पाहिल्या तर गावातला पैसा कोठून कोठे सरकला ते कळते. कोणत्या वर्षी देणगीदारांत शेतकऱ्यांच्या जागी यंत्रमागधारक आले, हा प्रश्न कबनूर-इचलकरंजी पट्ट्याच्या इतिहासात सहीच्या हजार चौकटींपेक्षा मोलाचा आहे.

२०/ या पत्रिकेला प्रमाणपत्रही लागत नाही. १८६७ च्या मुद्रणविषयक कायद्याने छापील कागदावर मुद्रकाचे नाव आणि ठिकाण देणे बंधनकारक होते. तळाशी बारीक अक्षरात असलेली ती ओळ म्हणजे कागदाची जन्मनोंद. सही कापणारा हात नेमका तोच तळ प्रथम कापतो, कारण मल्लाने सही केली असली तर ती बहुधा खालच्या कोऱ्या जागेत असते.

२१/ विक्रेत्यांनाही एक आठवण दिलेली बरी. १९७२ च्या पुराण वस्तू व बहुमूल्य कलाकृती कायद्यानुसार वस्तू ‘पुराण’ ठरायला सर्वसाधारणपणे १०० वर्षे लागतात. परंतु ऐतिहासिक मोलाची हस्तलिखिते, नोंदी आणि दस्त यांना ७५ वर्षे पुरतात, आणि पुराण वस्तू खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही. १९४८ च्या कागदांनी ७५ ची रेषा ओलांडली आहे. सही केलेली बॅट अजून बाहेर राहील. ऐतिहासिक ठरणारी गुणवही किंवा पत्र राहीलच असे नाही.

२२/ कबनूर असो वा कराड, ज्या घरात जुन्या मल्लाची किंवा खेळाडूची पेटी आहे तिथे जाणाऱ्या तरुणाने सहीची किंमत सांगू नये. पेटीतले कागद ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने, दोन्ही बाजूंनी, लिफाफ्यासह छायाचित्रित करावेत. विकायचेच असेल तर पेटी अखंड विकली जावी, आणि प्रतींचा एक संच घरात, एक गावच्या वाचनालयात राहावा. घरातल्या वडीलधाऱ्यांना प्रत्येक छायाचित्रातली नावे डावीकडून उजवीकडे विचारावीत आणि ती मागच्या बाजूला, कडेला, मऊ शिसपेन्सिलीने हलकेच लिहावीत. शाईने नको, ती पुढच्या बाजूला उमटते.