भांडवलाला मोकळीक, श्रमाला वेसण

सोलापूर हे स्थलांतरितांच्या श्रमांवर उभे राहिलेले शहर आहे. निजामाच्या राज्यातील तेलंगणातून पद्मशाली विणकर पोटासाठी येथे आले, तेव्हा राज्य दुसरे होते, भाषा दुसरी होती. पण माग चालवण्यासाठी त्यांना कोणाच्या परवान्याची वाट पाहावी लागली नाही. आज याच शहरातील वाणिज्य पदवीधर न्यूयॉर्क वा लंडनच्या वित्तसंस्थेत नोकरी शोधू लागला, की त्याला प्रथम व्हिसाच्या दाराशी थांबावे लागते. त्या दाराची किल्ली कोणाच्या हाती आहे, हा खरा प्रश्न आहे.

तरुण बाहेर का जातात, याचे उत्तर शहराच्या इतिहासातच आहे. १९४९ साली बंद पडलेली जुनी गिरणी चालू ठेवण्यासाठी संसदेने १९५० मध्ये खास कायदा केला. तरीही १९६३ मध्ये ती कायमची बंद झाली. पुढे लक्ष्मी-विष्णू गिरणीही गेली. उरले ते यंत्रमाग आणि घरोघरी विड्या वळणाऱ्या हजारो स्त्रियांचे कष्ट. २००४ साली शहराला स्वतंत्र विद्यापीठ मिळाले. पदव्या वाढल्या, पण त्यांना साजेसा रोजगार वाढला नाही. अशा स्थितीत १९३८ साली सेवाभावाने चीनला गेलेल्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांचा दाखला देऊन पगारासाठी जाणाऱ्यांना स्वार्थी ठरवणे अन्यायाचे होईल.

अन्याय आहे तो व्हिसाच्या रचनेत. अमेरिकेचा एच-१बी व्हिसा १९९० च्या कायद्याने अस्तित्वात आला. त्यासाठी अर्ज करतो तो मालक, कामगार नव्हे. वर्षाला ६५ हजार आणि तेथील उच्च पदवीधरांसाठी आणखी २० हजार, एवढ्याच जागा. मागणी जास्त म्हणून सोडत. नोकरी गेली तर जास्तीत जास्त ६० दिवसांत अर्ज करणारा दुसरा मालक गाठावा, नाहीतर देश सोडण्याची तयारी करावी. ज्याच्या राहण्याचा हक्कच मालकाच्या अर्जावर टांगलेला आहे, तो पगारवाढ काय मागणार आणि संघटना काय बांधणार? सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी परदेशातून येणाऱ्यांच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लादले, तेव्हा ही वेसण किती सहज आवळता येते हे दिसून आले. ब्रिटननेही जुलै २०२५ मध्ये कुशल कामगारासाठी वार्षिक पगाराची सर्वसाधारण अट ४१,७०० पौंडांवर नेली.

याउलट भांडवलाचा प्रवास पाहावा. भारताने विमा व्यवसायातील परकीय भांडवलाची मर्यादा २०१५ साली ४९ टक्के, २०२१ साली ७४ टक्के केली आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात ती १०० टक्के करण्याची घोषणा केली. १९९५ पासून अमलात असलेल्या सेवाव्यापार करारात माणसांच्या तात्पुरत्या ये-जा करण्याचीही तरतूद आहे. पण तेथे श्रीमंत राष्ट्रांनी हात आखडताच ठेवला. क्षणात सीमा ओलांडणाऱ्या पैशाचा हिशेब ठेवणारा माणूस स्वतः मात्र सीमेवर तिष्ठत राहतो.

१९७२ साली जगदीश भगवती यांनी परदेशस्थ व्यावसायिकांच्या उत्पन्नावर मायदेशाच्या विकासासाठी कर सुचवला होता. समाजाच्या पैशातून घडलेल्या बुद्धीचे मोल समाजाला मिळावे, हा त्यामागील विचार रास्त आहे. पण हिशेब मांडायचा तर पुरता मांडावा. भारतीय कर्मचारी अमेरिकेच्या सामाजिक सुरक्षा निधीत पगारातून वर्गणी भरतो. मात्र सुमारे दहा वर्षांचा भरणा होण्याआधी परतला, तर निवृत्तिवेतनाचा हक्क त्याला मिळत नाही. उभय देशांत तसा करारच झालेला नाही. २०२४-२५ मध्ये परदेशस्थ भारतीयांनी १३५ अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम मायदेशी पाठवली. या रकमेचा अभिमान बाळगणाऱ्या सरकारने ती पाठवणाऱ्यांच्या हक्कांसाठी तितकाच आग्रह धरावयास हवा. ब्रिटनशी जुलै २०२५ मध्ये व्यापार करार झाला, त्यासोबत तात्पुरत्या कर्मचाऱ्यांना तीन वर्षे अशा वर्गणीतून सूट देण्याचे ठरले. म्हणजे आग्रह धरला तर मार्ग निघतो.

म्हणून मागण्या दोन आहेत. व्हिसा मालकाच्या नव्हे, कामगाराच्या नावे असावा, वर्गणीवर त्याचा हक्क राहावा आणि प्रत्येक वाटाघाटीत भारताने हे लावून धरावे. आणि सोलापूरसारख्या शहरांत सार्वजनिक गुंतवणुकीतून असा रोजगार उभा राहावा, की परदेशी जाणे ही निवड असेल, नाइलाज नव्हे. विडी वळणाऱ्या आईची सुटका कारखानदाराच्या हिशेबातून व्हावी आणि तिच्या मुलाची परक्या मालकाच्या अर्जातून. हे दोन लढे वेगळे नाहीत.