नवोदयची सात वर्षे

जवाहर नवोदय विद्यालयाच्या निवड परीक्षेचा निकाल लागला की तालुक्याच्या पेठेत ती बातमी दुपारपर्यंत सर्वतोमुखी झालेली असते. किराणा, कापड, हार्डवेअर, अडत, दुकान कोणतेही असो. गल्ल्यावर पेढ्यांचा पुडा उघडा राहतो आणि गिऱ्हाईकही त्यात हक्काने हात घालते. जिल्ह्यातून हजारो मुले परीक्षेला बसतात आणि घेतली जातात फार तर ८०. तेव्हा हा आनंद रास्तच म्हणावा लागेल. खरी चर्चा सुरू होते ती पुढे, मुलाला विद्यालयात पोचविण्याची तारीख कळल्यावर. आजीला पहिला प्रश्न पडतो तो जेवणाचा. आईला पडतो तो आजारपणाचा. वडील फारसे बोलत नाहीत, परंतु त्यांच्या मनात दुकान असते.

व्यापारी जैन कुटुंबांना वसतिगृह हा शब्द नवा नाही. मुंबईचे महावीर जैन विद्यालय १९१५ साली आचार्य विजयवल्लभसूरींच्या प्रेरणेने उभे राहिले, कारंज्याचे महावीर ब्रह्मचर्याश्रम १९१८ साली आणि कुंभोजजवळचा बाहुबली आश्रम १९३४ साली. गावोगावच्या जैन बोर्डिंगांत राहून वकील, डॉक्टर, व्यापारी झालेल्यांची एक अखंड पिढी महाराष्ट्रात होऊन गेली. परंतु त्या साऱ्या वसतिगृहांत घरचा आचार पुढे चालू राहात असे. स्वयंपाकघर आपले, वेळा आपल्या, पर्युषणात सुट्टी ठरलेली. मुलगा घरापासून दूर गेला तरी घराच्या पद्धतीबाहेर जात नव्हता.

नवोदयचे तसे नाही. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ही योजना मान्य केली. प्रयोग म्हणून त्याआधीच हरियाणातील झज्जर व आपल्या अमरावती येथे पहिली दोन विद्यालये सुरू झाली होती. खेड्यातील हुशार मुलाला, त्याच्या घरची स्थिती काहीही असो, उत्तम निवासी शाळा मिळावी हा तिचा हेतू. म्हणून ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात, आणि ग्रामीण याचा अर्थही काटेकोर आहे: तिसरी, चौथी व पाचवी ही तिन्ही वर्षे ग्रामीण भागातील शाळेतच काढलेली हवीत. नगरपालिका असलेल्या गावी दुकान व घर असणाऱ्यांची मुले बहुधा उरलेल्या खुल्या जागांसाठीच स्पर्धेत उतरतात, हे पुष्कळ पालकांच्या लक्षात अर्ज भरतानाच येते.

परीक्षा दोन तासांची, ८० प्रश्नांची आणि १०० गुणांची. त्यातील निम्मे गुण मानसिक क्षमतेचे, म्हणजे आकृत्या ओळखण्याचे; उरलेले अंकगणित व भाषेचे. पेढीवर वाढलेल्या मुलाला अंकगणिताची भीती सहसा नसते. शेकडा नफा, मुद्दल, व्याज हे शब्द त्याच्या कानांवर पाळण्यापासून पडलेले असतात. अडते ते आकृत्यांत, आणि कधी भाषेत. कारण घरात मारवाडी किंवा गुजराती, बाजारात मराठी आणि पुस्तकात आणखी वेगळीच मराठी.

निवड झालेली मुले पत्र्याची पेटी, बादली आणि अंथरूण घेऊन विद्यालयाच्या दारात येतात ती दहा-बारा वर्षांची असतात. अरवली, निलगिरी, शिवालिक, उदयगिरी अशी पर्वतांची नावे असलेल्या सदनांत त्यांची वाटणी होते. पहाटे पाच-साडेपाचला घंटा. मैदानावर व्यायाम, मग स्नानगृहापुढची रांग, न्याहारी, प्रार्थनासभा, तासिका, दुपारचे जेवण, थोडी विश्रांती, पुन्हा अभ्यास, खेळ, हजेरी, रात्रीचा देखरेखीखालचा अभ्यास, जेवण आणि दहाच्या सुमारास दिवे बंद. दिवसाचा एकही तुकडा मोकळा सोडलेला नसतो. मोबाइल जवळ बाळगता येत नाही. घरच्यांनी भेटायला यायचे ते ठरलेल्या दिवशी.

पहिले काही आठवडे कठीण असतात आणि ते कोणासाठीच सोपे करता येत नाहीत. ज्या मुलाचे कपडे घरी आजवर आईने घडी घालून ठेवले त्याला रविवारी नळावर आपले मोजे आपण धुवायचे असतात. आजीने दिलेला खाकऱ्याचा डबा पहिल्याच रात्री संपतो, कारण तेथे डबा एकट्याने उघडण्याची रीत नाही. शेजारच्या खाटेवर शेतमजुराचा मुलगा असतो, पलीकडे शिक्षकाचा, त्यापलीकडे एस.टी. वाहकाचा. गणवेश सारखा, साबण सारखा, ताट सारखे. दुकानदाराच्या मुलाला आयुष्यात प्रथमच कोणी ‘शेठचा मुलगा’ म्हणून ओळखत नाही. काही मुलांना हे लागते. बहुतेकांना आठ-पंधरा दिवसांत बरे वाटू लागते.

या एका ताटाचा इतिहास जैन समाजालाही परका नाही. कर्मवीर भाऊराव पाटील जन्मले ते कुंभोजच्या जैन घरात, १८८७ साली. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहून ते शिकले, आणि तेथील सोवळ्याओवळ्याच्या नियमांवरून चालकांशी त्यांचे बिनसले. पुढे १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी एकच वसतिगृह उभारणाऱ्या या माणसाने मुलांना स्वयंपाकही एकत्र करायला लावला. नवोदयचे भोजनगृह पाहून ज्या आजोबांच्या कपाळाला आठी पडते त्यांनी हे आठवून पाहावे.

तरी जेवणाचा प्रश्न उरतोच, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. शेकडो मुलांचा स्वयंपाक एका भट्टीवर होतो. बटाटा, कांदा आणि लसूण वगळून तो होत नाही. रात्रीचे जेवण सात-आठच्या सुमारास मिळते. हिवाळ्यात सूर्य मावळतो सहाच्या आसपास. ज्या घरात चौविहार हा घड्याळापेक्षा पक्का असतो त्या घरच्या मुलाने करायचे काय? कोणी सदनप्रमुखांना विनंती करतात. सदनप्रमुख समजूतदार असले तर दोन पोळ्या आधी मिळतात, नसले तर नाही. कोणी मुलगा संध्याकाळच्या अल्पोपाहारावर भागवतो आणि रात्री पाण्यावर राहतो, आणि महिन्याभरात त्याचे वजन उतरलेले पाहून आईच त्याला नियम सोडायला सांगते. पुष्कळ मुले कंदमूळ खाऊ लागतात आणि घरी सांगत नाहीत.

हे न सांगणे बटाट्यापेक्षा अधिक काळजी करण्याजोगे आहे. मुलाला प्रथमपासून सांगून ठेवलेले असेल की तेथे जेवढे जमेल तेवढेच पाळ, पण जे पाळशील ते स्वतःच्या समजुतीने पाळ, तर त्याला खोटे बोलण्याची वेळ येत नाही. अनेक मुले मग आपापला मार्ग काढतात. कोणी उठल्यावर अंथरुणातच नवकार म्हणतो. कोणी अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी सोडतो. कोणी वर्षातून एकदा, संवत्सरीला, उपवास करतो आणि वर्गातल्या चाळीस मुलांना मिच्छामि दुक्कडम् म्हणजे काय ते समजावून सांगतो. घरी स्वयंपाकघर आयतेच नियम पाळून देते. मुलाला त्याचे श्रम पडत नाहीत. श्रम पडून जो नियम टिकतो त्याची संख्या लहान असली तरी त्याचे मोल घरच्यांनी कमी लेखू नये. पाठशाळेत घोकलेली सूत्रे तोवर विसरली गेली तर मात्र ती सुट्टीत पुन्हा म्हणवून घ्यायला हरकत नाही. मुलांची स्मृती त्या वयात उदार असते.

स्पर्धा हा शब्द पालक परीक्षेपुरता समजतात. मुलाला ती आत गेल्यावर कळते. आजवर तो आपल्या शाळेत पहिला होता. येथे सारेच आपापल्या शाळेत पहिले आलेले. ऐंशी मुलांत कोणीतरी साठावा येणारच, आणि पहिल्या चाचणीत तो साठावा आपण आहोत हे ज्याला कळते त्याची ती रात्र फार लांब असते. सदनांची स्पर्धा वेगळी: स्वच्छतेचे गुण, खेळाचे गुण, वक्तृत्वाचे गुण. नववीपासून गणित व विज्ञान इंग्रजीतून. दहावीला केंद्रीय मंडळाची परीक्षा, आणि अकरावी लागताच जेईई किंवा नीट. पुण्याजवळ दक्षणा फाउंडेशनचे निवासी केंद्र आहे. नवोदयच्या निवडक मुलांना तेथे या परीक्षांची तयारी विनामूल्य करून घेतात, आणि तेथे पोचण्यासाठीही आणखी एक परीक्षा. चाळणीनंतर चाळणी असा हा प्रवास आहे.

अशा वेळी घरून येणारा दूरध्वनी काय विचारतो, याला फार महत्त्व असते. ‘बेटा, किती मार्क पडले? कितवा आलास?’ एवढेच विचारले गेले तर मुलगा पुढच्या वेळी फोनवर बोलायचे टाळतो. आपल्या धंद्याचा हिशेब दररोज मागितलेला ज्यांना खपत नाही, मंदीचे दोन महिने हे धंद्यात यायचेच असे जे शहाणपणाने म्हणतात, त्यांनीच अकरा वर्षांच्या मुलाकडे दर आठवड्याला ताळेबंद मागावा, हे काही न्यायाचे नव्हे. मित्र कोण, खोकला गेला का, क्रिकेटमध्ये कोणत्या जागी उभे करतात, हे प्रश्नही विचारण्यासारखे आहेत. त्यांच्या उत्तरांतून मार्कांची कल्पना आपोआप येते.

नववीत आणखी एक वळण असते आणि त्याची माहिती पुष्कळांना प्रवेशाच्या वेळी नसते. वर्गातील सुमारे ३० टक्के मुले एका वर्षासाठी दुसऱ्या भाषेच्या प्रदेशातील नवोदयमध्ये जातात. महाराष्ट्रातील मुले हिंदी भाषिक राज्यात, तिकडची मुले इकडे. सांगलीच्या पलूसला किंवा कोल्हापूरच्या कागलला शिकणारे मूल तेरा-चौदाव्या वर्षी आणखी हजार किलोमीटर दूर जाते. घरी पुन्हा एकदा आसवे येतात. पण ज्यांचे पूर्वज लोटा व दोर घेऊन राजस्थानातून निघाले आणि जिथे बोली कळत नव्हती अशा खेड्यात तागडी मांडून बसले, त्या घरांना तरी हा प्रवास अनोळखी वाटू नये. तेथे गेलेली मुले परतताना दुसऱ्या राज्याची भाषा, तिथले दोन-चार जिवाभावाचे मित्र आणि थंडीत अंघोळ करण्याची सवय घेऊन येतात. तिकडून आलेली मुलेही वर्षभरात मराठी बोलू लागतात, आणि गणपतीच्या आरतीत इतरांपेक्षा मोठ्याने.

राहता राहिले दुकान. वडिलांच्या मनातील ही गोष्ट उघडपणे बोलली जात नाही म्हणून ती अधिक त्रास देते. सात वर्षे वसतिगृहात राहिलेला, संगणक अभियंता होण्याचे स्वप्न पाहणारा मुलगा गल्ल्यावर बसेल का? दिवाळीच्या सुट्टीत तो येतो, दोन दिवस उत्साहाने बसतो, उधारीची वही पाहून ती संगणकावर का नाही असे विचारतो आणि तिसऱ्या दिवशी पुस्तक घेऊन माडीवर जातो. बहुधा तो बसणार नाही, हे मान्य करूनच पाठवावे. वाणिज्य शाखा सर्वच नवोदय विद्यालयांत नसते, हेही आधी पाहून ठेवलेले बरे. सनदी लेखापाल व्हायचे ठरले तर दहावीनंतर शाळा बदलावी लागण्याचा संभव असतो. मात्र दुकान चालविण्यासाठी मुलाला न पाठविणारे वडील आणि ऑनलाइन खरेदीने पेठ ओस पडत चालली म्हणून रात्री जागणारे वडील पुष्कळदा एकच असतात.

आणि मुलींचे काय? नवोदयच्या एकतृतीयांश जागा मुलींसाठी राखलेल्या आहेत. नववीपासून इतरांना द्यावा लागणारा दरमहा ६०० रुपयांचा विकासनिधीही त्यांना माफ आहे. निवास, भोजन, पुस्तके, गणवेश यांना खर्च नाही. मुलींची सदने स्वतंत्र, त्यांच्या देखरेखीला शिक्षिका. तरीही ज्या घरात मुलाचा अर्ज चौथीपासून शिकवणी लावून भरला जातो त्याच घरात, आकृत्यांची कोडी भावापेक्षा आधी सोडविणाऱ्या बहिणीचा अर्ज भरायचा राहून जातो. कारणे ठरलेली असतात: मुलगी लहान आहे, तिला कोण पाहील, तिचे खाणेपिणे कसे व्हायचे. भाऊही तेवढाच लहान होता आणि तोही तेच ताट जेवतो. बारावीनंतर पुण्याला पाठवू असे तिला सांगितले जाते, आणि बारावी येईतो स्थळे येऊ लागलेली असतात.

येथे एक नियम प्रत्येक आई-वडिलांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. सहावीच्या प्रवेशाची ही परीक्षा दुसऱ्यांदा देता येत नाही. पाचवीत असताना एकदाच बसायचे. नववी व अकरावीत रिकाम्या राहिलेल्या जागा भरतात, पण त्या मोजक्या. पाचवीचे वर्ष हातचे गेले की मुख्य दार बंद झाले असेच समजावे. अर्ज ऑनलाइन भरायचा असतो आणि त्याला शुल्क नाही. शाळेच्या मुख्याध्यापकांच्या सहीचे प्रमाणपत्र लागते, मुलीचा फोटो, तिची सही आणि पालकाची सही.