आडनावातले गाव

पूर्वजभूमीला पाय लागले की ज्यू माणसाची दुभंगलेली अस्मिता सांधली जाते, हा समज इतका रूढ झाला आहे की तो तपासून पाहण्याची गरज कोणाला वाटत नाही. कोकणातील बेने इस्राएल समाजाचा इतिहास या समजाला सरळ छेद देतो.

या समाजाची परंपरागत कथा अशी : अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. त्यांच्या वंशजांनी तेलाचे घाणे चालविले आणि शनिवारी ते बंद ठेवले, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. गावांवरून पेणकर, रोहेकर, किहीमकर अशी आडनावे पडली. 1796 साली मुंबईतील पहिले सिनेगॉग बांधणारे सॅम्युएल इझिकेल हेही दिवेकरच. 1846 साली मुंबईत हगादा मराठी भाषांतरासह शिळाछापावर निघाला. मिसर देशातून पूर्वजांच्या झालेल्या सुटकेची कथा या माणसांनी मराठीत वाचली आहे.

1948 नंतर हा समाज मोठ्या संख्येने इस्राएलला गेला. त्या भूमीने काय दिले? काही कुटुंबांनी निदर्शने करून 1952 मध्ये भारताचा परतीचा रस्ता धरला. 1962 साली तेथील प्रमुख रब्बींनी आदेश काढला, की बेने इस्राएलांचा विवाह लावण्यापूर्वी त्यांच्या वंशाची चौकशी करावी. शतकानुशतके सुंता आणि शब्बाथ सांभाळणाऱ्यांना ओळख देण्याऐवजी पूर्वजभूमीने वंशावळ मागितली! 1964 च्या उन्हाळ्यात यरुशलेममध्ये त्यांनी धरणे धरले, तेव्हा कुठे क्नेसेटने त्यांना सर्वार्थाने ज्यू मानले. ही ओळख त्यांनी झगडून घेतली. मातीला कपाळ टेकून ती मिळालेली नाही.

आता लोद, अश्दोदमध्ये जन्मलेली नातवंडे नवगावी येतात, अलिबागजवळच्या खंडाळ्यास (घाटातले ते निराळे) एलियाहू हनाबीच्या खडकापाशी पोहे-खोबऱ्याचा मलिदा करतात. आपण मराठी माणसे त्यांना कौतुकाने 'परदेशी पाहुणे' म्हणतो. हे कौतुक सौजन्याचे खरे, पण अडाणीपणाचेही आहे. पोलाद कारखान्यापायी भिलाईत, रिसालीत स्थिरावलेल्या मराठी घरातील नातू सुटीत वऱ्हाडात आला, तर तो 'गावी आला' असेच आपण म्हणतो. तो घरी हिंदी बोलत असला तरी हरकत घेत नाही. मग नवगावकर नवगावी आला तर तो पाहुणा कसा? रब्बींनी निदान लेखी आदेश काढला होता. आपली चौकशी अलिखित असते, म्हणून तिच्याविरुद्ध धरणेही धरता येत नाही.

इस्राएलमध्ये 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक निघाले, ते याच माणसांनी काढले. मराठीच्या किती ग्रंथालयांनी त्याचे अंक मागविले?