खेळाडूच्या वह्या कोण पाहणार?

महाविद्यालयाच्या संघातून खेळणारा विद्यार्थी प्राचार्यांना माहीत असतो तो चषक स्वीकारतानाच्या छायाचित्रापुरता. वर्गावरचे प्राध्यापक त्याला ओळखतात ते हजेरीपटावरील गैरहजेरीच्या खुणांवरून. त्याला नावानिशी, घरच्या परिस्थितीसह आणि दुखऱ्या गुडघ्यासह ओळखणारा असा सबंध महाविद्यालयात एकच मनुष्य असतो, तो म्हणजे त्याचा प्रशिक्षक. आईबापांचे जे शब्द हा मुलगा कानांआड करतो, तेच शब्द प्रशिक्षकाच्या तोंडून आले की तो शिरसावंद्य मानतो. एवढी मोठी सत्ता ज्याच्या हाती आहे, त्याच्यावर विद्यार्थ्याच्या शिक्षणाची मात्र कसलीही जबाबदारी नाही. आपल्या शिक्षणव्यवस्थेतील ही विसंगती वरवर किरकोळ वाटते. परंतु ग्रामीण भागातील गरीब घरांतल्या मुलांना तिची जी किंमत मोजावी लागते ती किरकोळ नाही.

देवळाली प्रवरेचेच उदाहरण घ्यावे. प्रवरेच्या कालव्यांनी उसाच्या केलेल्या या पट्ट्यात शेतकऱ्याच्या आणि कामगाराच्या मुलासमोर एकेकाळी सहकारी कारखान्यातील नोकरीचा मार्ग तरी होता. राहुरीचा तनपुरे कारखाना गेल्या काही वर्षांत अनेक हंगाम बंद राहिला आणि तोही मार्ग बुजला. राहुरी, श्रीरामपूर, लोणी येथील महाविद्यालयांत शिकायला जाणारी ही मुले मैदानाकडे वळतात ती केवळ हौसेने नव्हे. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी असलेले पाच टक्के आरक्षण, परीक्षेतील सवलतीचे गुण आणि सर्वांत जवळची वाटणारी पोलीस भरती, या तीन आशा त्यांना पहाटे धावायला लावतात.

त्या पोलीस भरतीचाच हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. शिपाईपदासाठी बारावी उत्तीर्ण असावे लागते. शारीरिक चाचणीला गुण ५०. त्यांत मुलांसाठी १६०० मीटर धावणे, १०० मीटर धावणे आणि गोळाफेक. लेखी परीक्षेला गुण १००. तीत अंकगणित, बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान आणि मराठी व्याकरण. म्हणजे जी नोकरी केवळ पायांच्या जोरावर मिळते असे गावोगाव समजले जाते, तिचे दोनतृतीयांश गुण टेबलाशी बसून मिळवावे लागतात. ‘आधी मैदान मार, पुस्तकाचे पुढे पाहू,’ असे सांगणारा प्रशिक्षक त्या मुलाला पदवीलाच मुकवतो असे नव्हे, तर ज्या भरतीच्या आशेवर तो धावतो आहे तिलाही मुकवतो.

या सल्ल्याला आधार म्हणून या भागात एक नाव हमखास पुढे केले जाते. शेजारच्या श्रीरामपूरला १९७८ साली जन्मलेल्या झहीर खानने अभियांत्रिकीचा अभ्यास सुरू केला होता. मुंबईच्या नॅशनल क्रिकेट क्लबचे प्रशिक्षक सुधीर नाईक यांनी त्याला तो सोडून क्रिकेटच्या मागे लागण्याचा सल्ला दिला. पुढे ३११ कसोटी बळी आणि २०११ च्या विश्वचषकातील २१ बळी यांनी तो सल्ला खरा ठरवला. नाईक स्वतः कसोटी खेळलेले, समोरच्या मुलाच्या गोलंदाजीचे मोल जाणणारे, आणि मुंबईत त्याला खेळायला संघ व मैदान मिळवून देऊ शकणारे होते. सल्ला देण्याचा अधिकार असा कमवावा लागतो. तोच सल्ला तालुक्याच्या मैदानावर, पुढची कोणतीही वाट न दाखवता, घाऊक भावाने वाटला जातो तेव्हा त्याचे मोल काय उरते? ज्याचा सल्ला फळला त्याचे नाव सर्वांना ठाऊक होते. ज्यांचा फसला ते दुसऱ्या वर्षाला नापास होऊन उसाच्या ट्रॅक्टरवर किंवा रांजणगाव-चाकणच्या कंत्राटी पाळीवर जातात, आणि त्यांची गणती कुठेच होत नाही.

दुसरे उदाहरण कोल्हापूरचे आहे आणि ते अधिक बोधप्रद आहे. १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळवून स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणणारे खाशाबा जाधव हे राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी. अंगाने किरकोळ म्हणून महाविद्यालयाच्या क्रीडाशिक्षकाने त्यांना स्पर्धेत घेण्यास नकार दिला होता आणि प्राचार्यांकडे दाद मागितल्यावर त्यांना उतरू देण्यात आले, असे सांगितले जाते. हेलसिंकीच्या वाटखर्चासाठी प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले, ही तर महाराष्ट्राला पाठ असलेली कथा. या कथेने डोळे ओलावतात. पण तिच्यातून निघणारा निष्कर्ष मात्र सहसा कोणी काढत नाही. विद्यार्थी खेळाडूचे भवितव्य एका शिक्षकाच्या नजरेवर अडते आणि दुसऱ्याच्या औदार्यावर सुटते, ही व्यवस्था नव्हे. औदार्याची वाट पाहावी लागते तेथे हक्क नसतो.

आता प्रशिक्षकाच्या बाजूने पाहिले पाहिजे, कारण सारा दोष त्याच्या माथी मारणे सोपे आणि अन्यायाचे होईल. अनेक महाविद्यालयांत शारीरिक शिक्षण संचालकाचे पद वर्षानुवर्षे रिकामे असते, किंवा तेथे तासिका तत्त्वावर कोणाला तरी नेमलेले असते. तासाला ठरलेले मानधन, तेही महिनोन्‌महिने थकलेले. पुढच्या जूनमध्ये नेमणूक होईल की नाही याची शाश्वती नाही. शाळांची स्थिती याहून वेगळी नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी शारीरिक शिक्षणाला अर्धवेळ निदेशक पुरेसा मानला, तोही पट शंभरावर असेल तेव्हाच. अशा कंत्राटी माणसाच्या कामाचे मोजमाप संस्थाचालक कसे करतात? वार्षिक अहवालात किती चषक, यावरून. मग त्याने चांगल्या खेळाडूला चाचणी परीक्षेच्या दिवशीही सरावाला बोलावले तर नवल कसले? त्याची पुढील वर्षाची भाकरी त्या मुलाच्या पायांत अडकलेली असते. शोषित मनुष्य आपल्याहून दुबळ्याचे शोषण करतो, हा नियम गिरणीच्या मुकादमापासून मैदानापर्यंत सारखाच लागू आहे.

त्यात सत्र पद्धतीने भर घातली. आंतरमहाविद्यालयीन, आंतरविभागीय आणि आंतरविद्यापीठ स्पर्धांचा हंगाम पावसाळा सरल्यावर रंगात येतो, आणि पहिल्या सत्राच्या परीक्षा नेमक्या त्याच सुमारास येऊन ठेपतात. ७५ टक्के हजेरीची अट एकीकडे, संघाबरोबरचे प्रवास दुसरीकडे. यातून वाट काढायची तर कोणीतरी प्राध्यापकांशी बोलून बुडालेले तास भरून घ्यावे लागतात, अंतर्गत परीक्षा पुन्हा घ्यायला लावावी लागते, प्रवासात वही उघडायला सांगावे लागते. हे काम मन लावून करणारे प्रशिक्षक अजूनही आहेत. संघ निवडताना गुणपत्रिका मागणारे, सामन्यानंतर एस. टी. त विद्यार्थ्यांकडून उजळणी करून घेणारे, मुलीचे लग्न अठराव्या वर्षी उरकू नका म्हणून तिच्या वस्तीवर जाऊन बापाची समजूत घालणारे. त्यांच्या हाताखालची मुले वर्गात टिकतात, एवढेच नव्हे तर मैदानावर शिकलेली शिस्त अभ्यासात वापरतात. परंतु हे काम त्यांच्या कर्तव्यसूचीत नाही, त्याचे तास धरले जात नाहीत.

कोणी म्हणेल, मग प्रशिक्षकाला निकालासाठी जबाबदार धरा म्हणजे झाले. अमेरिकेत हे करून पाहिले गेले. महाविद्यालयीन खेळांवर तेथे अब्जावधी डॉलरांची उलाढाल चालते. खेळाडू शिकतात तरी काय, असा ओरडा झाल्यावर तेथील क्रीडा संघटनेने प्रत्येक संघाचा शैक्षणिक प्रगती निर्देशांक काढला. हजारपैकी ९३० च्या खाली सरासरी घसरलेल्या संघांना हंगामाअखेरच्या स्पर्धांतून वगळण्याची तरतूद केली. कल्पना चांगली होती. परंतु पैसा आणि प्रतिष्ठा यांच्या दडपणाखाली गुणांचे काय होते हे नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने दाखवले आहे. तेथे १९९३ ते २०११ या काळात कधीही न भरणारे कागदी वर्ग चालले. २०१४ च्या चौकशी अहवालानुसार सुमारे ३१०० विद्यार्थ्यांनी त्यांचा लाभ घेतला आणि त्यांतले जवळजवळ निम्मे खेळाडू होते. ते वर्ग इतर विद्यार्थ्यांनाही खुले होते, या सबबीवर क्रीडा संघटनेने २०१७ मध्ये विद्यापीठाला शिक्षा केली नाही! आपल्याकडेही खेळाच्या आरक्षणासाठी बनावट प्रमाणपत्रे काढण्याचे प्रकार पोलिसांपर्यंत गेलेच आहेत. केवळ आकडा मागितला की आकडा तयार होतो. नोकरीची हमी नसलेल्या प्रशिक्षकाकडे निकालाचा आकडा मागणे म्हणजे त्याला खोटे बोलायला भाग पाडणे होय.

प्रशिक्षकाची सत्ता अनिर्बंध राहिली तर ती कोणत्या थराला जाऊ शकते, हेही विसरता येत नाही. जानेवारी २०२३ मध्ये देशाच्या नामवंत महिला कुस्तीगिरांना दिल्लीच्या जंतरमंतरवर धरणे धरून लैंगिक छळाच्या तक्रारी मांडाव्या लागल्या. ऑलिंपिक पदक गळ्यात असलेल्यांची दाद अशी लागत असेल, तर तालुक्याच्या संघातून खेळणाऱ्या, प्रशिक्षकाच्या सहीवाचून प्रमाणपत्र न मिळणाऱ्या मुलीने कोणाकडे जावे? २०१३ च्या कायद्यानुसारची तक्रार समिती महाविद्यालयात कागदावर असते. ती मैदानापर्यंत पोचत नाही. संघनिवड, प्रवासाची सोय आणि प्रमाणपत्र या तिन्ही गोष्टी एकाच माणसाच्या हाती ठेवणे हेच मुळात चूक आहे.

करावयाचे काय, हे अवघड नाही. शारीरिक शिक्षण संचालकाची रिकामी पदे कायम स्वरूपात भरणे, खेळाडूंच्या अभ्यासाचा पाठपुरावा हे त्याचे अधिकृत काम ठरवून त्याला त्याचे तास मोजून देणे, आणि संघासोबत गेलेल्या विद्यार्थ्याची परीक्षा पुन्हा घेणे विभागांवर बंधनकारक करणे. राष्ट्र सेवा दलाच्या शाखेवर खेळ आणि बौद्धिक एकाच मैदानात, एकाच संध्याकाळी होत असत. दोन्ही घेणारा शाखानायक एकच असे. हे अशक्य आहे असे त्या पिढीतील कोणी म्हणणार नाही.

तूर्त एक काम लगेच होण्याजोगे आहे. पदवीधरांच्या मतांवर विद्यापीठाच्या अधिसभेत निवडून गेलेल्या प्रतिनिधींनी पुढील बैठकीत लेखी प्रश्न टाकावा: गेल्या दहा वर्षांत विद्यापीठाच्या संघांतून जे खेळले, त्यांपैकी किती जणांनी पदवी पूर्ण केली, आणि त्या काळात त्यांच्या महाविद्यालयात कायम शारीरिक शिक्षण संचालक होता काय? तोच प्रश्न राहुरी आणि श्रीरामपूरच्या महाविद्यालयांच्या कार्यालयात माहितीच्या अधिकाराखाली विचारायला कार्यकर्त्यांना दहा रुपयांचा मुद्रांक पुरेल.