जग जवळ आले?

वक्तृत्वस्पर्धेत ‘विज्ञान : शाप की वरदान?’ हा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानी पडते : विमानाने जग जवळ आले. टाळ्याही पडतात. आमच्या घरात विमानात बसलेले कोणी नाही. कॉलेजची पायरी चढलेला पहिला मीच. तरीही, किंबहुना म्हणूनच, हे वाक्य एकदा तपासून पाहावेसे वाटते.

फिनलंडचे हेलसिंकी आणि जपानचे टोकियो ही दोन शहरे घ्या. पृथ्वीगोलावर त्यांच्यामध्ये दोरा ताणून धरला, तर तो बहुतेक सगळा रशियावरून जातो. अंतर भरते सुमारे ७,८०० किलोमीटर.

१९८३ साली फिनएअर कंपनीने या शहरांमध्ये वाटेत कोठेही न थांबणारी विमानसेवा सुरू केली. परंतु सोव्हिएत रशियाचे आकाश तेव्हा तिला खुले नव्हते. म्हणून विमान आधी उत्तर ध्रुवावर जाई, तेथून बेरिंगच्या सामुद्रधुनीवरून जपान गाठी. वेळ लागे सुमारे तेरा तास. पुढे सायबेरियावरून जाण्याची परवानगी मिळाली आणि तोच प्रवास साडेनऊ तासांच्या आसपास आला. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. युरोपीय संघाने रशियन विमानांना आपले आकाश बंद केले. रशियानेही उलट तेच केले. तेव्हापासून विमान ध्रुवावरून, नाहीतर दक्षिणेकडून वळसा घेते. वेळ? पुन्हा सुमारे तेरा तास!

चाळीस वर्षांत इंजिने सुधारली, संगणक आले. पृथ्वी तसूभरही वाढली नाही. मग हे साडेतीन तास आले कोठून?

आकाशाला कुंपण नसते, असे आपण म्हणतो. परंतु १९४४ च्या शिकागो कराराने प्रत्येक राष्ट्राचा आपल्या भूमीवरील आकाशावर पूर्ण हक्क मान्य केला आहे. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले, भारतानेही त्याला तसेच उत्तर दिले. तेव्हा दिल्लीहून युरोपकडे निघालेल्या आपल्या विमानांनाही असाच वळसा पडला.

कोणी म्हणेल, जेथे माणसे मरत आहेत तेथे प्रवाशांच्या तीन-साडेतीन तासांचे काय घेऊन बसलात? बरोबर आहे. आक्रमणापुढे जगाने गप्प बसावे, असे माझे म्हणणे नाही. खुद्द युक्रेनचे आकाश तर २०२२ पासून प्रवासी विमानांना पूर्ण बंद आहे. तेथल्या माणसाला विज्ञानाने जग किती जवळ आणले, हे कोणत्या तोंडाने सांगावे?

माझे म्हणणे एवढेच की, यंत्र वेग देते, वाट मात्र शेजारी देतो. शेजाऱ्याशी वैर असेल तर उत्तम विमानही लांबच्या वाटेने जाते. म्हणून भूगोलाच्या प्राध्यापकांना नम्र विनंती आहे : दोन ठिकाणांमधील किलोमीटर आम्हांला जरूर पाठ करायला लावा, पण मधली वाट कोणाच्या हाती आहे, हाही प्रश्न परीक्षेत विचारा. त्याला गुण थोडे अधिकच ठेवा.